थ्री-चॅनल ईसीजी मशीन कोकणातल्या दवाखान्यात: हार्ट ब्लॉक ओळखायला कितपत भरवशाचं?

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बऱ्याच दवाखान्यांत सिंगल-चॅनल मशीनच्या जागी आता थ्री-चॅनल आलं आहे. ८० मिलिमीटर रुंदीचा थर्मल रोल, आत बॅटरी, वर छोटा स्क्रीन आणि पट्टीच्या शेवटी मशीननेच छापलेलं निदान. कंपन्या निरनिराळ्या, पण ढाचा एकच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या वर्गातल्या मशीनचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं. घेरी येऊन पडलेला माणूस समोर आहे, नाडी चाळिशीच्या आत लागते आहे. अशा वेळी हृदयातला ब्लॉक कोणत्या प्रकारचा, हे या मशीनवर खात्रीने ठरवता येतं का?

येतं. मात्र ‘ऑटो’चं बटण दाबून जी पट्टी बाहेर पडते, तिच्यावर बहुतेक वेळा येत नाही. ते बटण सोडून कशी पट्टी काढायची, ती कशी वाचायची आणि आपल्या हवेत हे मशीन कुठे दगा देतं, हे पुढे सविस्तर.

हा फरक इथे जास्त महत्त्वाचा का, तर अंतरामुळे. पहिल्या डिग्रीचा ब्लॉक किंवा वेन्केबाख यांपैकी सौम्य प्रकार असेल, रुग्ण बोलता-चालता असेल, तर चालू गोळ्या तपासून, रक्तातलं पोटॅशियम पाहून त्याला जवळच लक्षाखाली ठेवता येतं. मोबिट्झ टू किंवा पूर्ण ब्लॉक यांपैकी गंभीर प्रकार असेल तर पेसमेकर बसवणारं केंद्र गाठायला हवं. रत्नागिरीकडून आंबा घाट, चिपळूणकडून कुंभार्ली, सावंतवाडीकडून गोव्यातल्या बांबोळीची वाट. भर पावसात दरड आली की तोच रस्ता तासन्‌तास अडतो. कोणाला थांबवून घ्यायचं आणि कोणाला आत्ताच्या आत्ता गाडीत घालायचं, हे कागदावरच्या चौकोनांवरून ठरवायचं असतं. नातेवाइकांशी बोलतानाही एक काळजी घ्या. नुसतं ‘ब्लॉक’ म्हटलं की त्यांना रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज वाटतं आणि सगळी चर्चा अँजिओप्लास्टीकडे जाते. ‘हृदयाच्या रक्ताच्या नळीत नाही, विजेच्या तारेत अडथळा आहे’ एवढं वाक्य पुरतं.

आता मशीनकडे. ऑटोमध्ये ते बारा लीड (हृदयाकडे पाहण्याच्या बारा बाजू) तीन-तीनच्या चार गटांत छापतं आणि प्रत्येक गटाला जेमतेम अडीच-तीन सेकंद देतं. नाडी मिनिटाला ३३ असेल तर दोन क्यूआरएसमधलं (जवनिकेच्या ठोक्याची उंच रेघ) अंतर १.८ सेकंद. म्हणजे अडीच सेकंदांच्या तुकड्यात एक, फार तर दोन क्यूआरएस सापडणार. एका क्यूआरएसवरून पीआर (कर्णिकांच्या पी लाटेपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) वाढतोय, तोच राहतोय की पीचा आणि क्यूआरएसचा काही संबंधच नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दहा सेकंदांची सलग ओळ मिळाली तरी हातात पाच-सहा ठोकेच येतात. छातीतल्या कळेसाठी ऑटो पट्टी उत्तम आहे, तिथे क्यूआरएसनंतरचा एसटी हा भाग पाहायचा असतो. ब्लॉकसाठी ठोक्यांचं एकमेकांशी असलेलं नातं पाहायचं असतं, आणि त्याला लांबी लागते.

म्हणून नाडी पन्नासच्या आत लागली किंवा मध्येच ठोका गळतोय असं बोटांना जाणवलं, की ऑटो झाल्यावर लगेच मॅन्युअल किंवा रिदम मोडमध्ये जा आणि कमीत कमी ३० सेकंदांची सलग पट्टी काढा. सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने ती ७५ सेंटिमीटर भरते. २० मीटरच्या रोलमधून अशा २६ पट्ट्या निघतात, तेव्हा कागद वाचवण्यासाठी ही पट्टी टाळण्यात अर्थ नाही. लीड निवडायची सोय असेल तर टू, व्ही-वन आणि व्ही-फाइव्ह हे तीन एकत्र लावा. पी वेव्ह टू आणि व्ही-वनमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसते. काही स्वस्त मॉडेलांत मॅन्युअल मोडमध्ये वन-टू-थ्री किंवा व्ही-वन-टू-थ्री असे ठरलेले गटच मिळतात, टू आणि व्ही-वन एका वेळी येत नाहीत. आमच्या मते ब्लॉक ओळखण्याच्या कामात ही या वर्गातली सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि घेण्यापूर्वी तपासायची पहिली गोष्टही हीच.

पट्टी हातात आली की आधी मशीनने काय छापलंय ते वाचू नका. आधी सगळ्या पी शोधा. मुलांच्या कंपास पेटीतलं कर्कटक यासाठी उत्तम; नसेल तर कोऱ्या कागदाची कड पट्टीखाली धरून लागोपाठच्या तीन पींवर पेन्सिलीने खुणा करा आणि कागद पुढे सरकवत न्या. पी ठरल्या अंतराने चालतात. जिथे खूण पडते पण पी दिसत नाही, तिथे ती टी वेव्हच्या (क्यूआरएसनंतरची लाट) उतारावर किंवा क्यूआरएसच्या पोटात दडलेली असते. टीचा आकार शेजारच्या टीपेक्षा जरा टोकदार किंवा खांदा फुटल्यासारखा दिसला, तर तीच ती. बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२० सेकंदाचा, हे आपल्याला पाठच असतं. खरी मेहनत पी शोधण्यात आहे.

पहिल्या डिग्रीत काही गळत नाही. प्रत्येक पीमागे क्यूआरएस येतो, फक्त पीआर पाच बारीक चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.२० सेकंदापेक्षा लांब. इथे मशीनचा आकडा सहसा बरोबर निघतो. पण तो २०० मिलिसेकंदांच्या आसपास घुटमळत असेल तर गती ५० मिलिमीटर करून पुन्हा छापा. मग तेच २०० मिलिसेकंद दहा बारीक चौकोनांत पसरतात आणि डोळ्यांनी मोजता येतात. काम झाल्यावर गती परत २५ वर आणायला विसरू नका. पुढच्या रुग्णाची पट्टी ५० वर निघाली तर ठणठणीत माणसाची नाडी निम्मी दिसते आणि क्यूआरएस रुंद.

वेन्केबाख, म्हणजे मोबिट्झ वन, एकदा नीट मोजला की आयुष्यभर ओळखता येतो. एक उदाहरण चौकोनांत मांडू. पी-पी अंतर सगळीकडे २० बारीक चौकोन. पहिल्या ठोक्याचा पीआर ५ चौकोन, दुसऱ्याचा ८, तिसऱ्याचा ९, चौथ्या पीमागे क्यूआरएस नाही, आणि पुढच्या पीचा पीआर पुन्हा ५. आता आर-आर, म्हणजे दोन क्यूआरएसमधलं अंतर, मोजा: पहिलं अंतर २३ चौकोन, दुसरं २१, आणि मधल्या खंडाचं ३६. पीआर वाढत गेला तरी आर-आर कमी होत गेला, कारण वाढीचं प्रमाण घटत गेलं: आधी तीन चौकोन, मग एकच. खंड सर्वांत छोट्या आर-आरच्या दुपटीपेक्षा, म्हणजे ४२ पेक्षा, कमी भरला. ही तिन्ही चिन्हं एकत्र दिसली तर शंकेला जागा नाही. लांब चक्रात, म्हणजे सात-आठ ठोक्यांनंतर एक गळतो तेव्हा, शेवटच्या ठोक्यांत पीआर वाढल्याचं डोळ्यांना कळत नाही आणि घाईत त्याला मोबिट्झ टू म्हटलं जातं. त्यावर एकच उपाय: खंडाच्या लगेच आधीचा पीआर आणि लगेच नंतरचा पीआर शेजारी-शेजारी ठेवून मोजा. नंतरचा आखूड निघाला तर वेन्केबाख. वेन्केबाखने हे १८९९ मध्ये नाडीच्या आलेखांवरून टिपलं होतं, तेव्हा ईसीजी वापरात यायचा होता. मोबिट्झची विभागणी १९२४ ची. अंतरं मोजण्याची ती चिकाटी आजही तितकीच कामाची आहे.

मोबिट्झ टूमध्ये पीआर अजिबात हलत नाही. समजा ४ चौकोन, ४ चौकोन, ४ चौकोन, मग एक पी कोरडी जाते, आणि पुढचा पीआर पुन्हा ४. पी-पी वरच्यासारखंच २० धरलं तर खंड बरोबर दोन पी-पी इतका, म्हणजे ४०. क्यूआरएस बहुधा रुंद असतो, कारण बिघाड एव्ही नोडच्या, म्हणजे कर्णिका-जवनिकांमधल्या विजेच्या गाठीच्या, खाली, हिस-पुरकिंजेच्या तारांत असतो. ही माणसं काही सूचना न देता पूर्ण ब्लॉकमध्ये जातात. दवाखान्यात हसतखेळत बसलेला रुग्ण असला तरी त्याला पाठवायचाच.

टू-टू-वन (२:१) ब्लॉकमध्ये एक आड एक पी गळते. लागोपाठ दोन पीआर तुलनेला मिळतच नाहीत, म्हणून हा मोबिट्झ वन की टू हे एवढ्या पट्टीवर ठरत नाही, आणि तसं स्पष्ट लिहिणंच प्रामाणिक. लांब पट्टीत कुठेतरी थ्री-टू-टू (३:२) चं एखादं चक्र सापडलं तर त्यावरून उलगडा होतो. क्यूआरएस रुंद असेल तर बिघाड खालचा धरून चाला. रुग्ण स्थिर असेल तर पट्टी चालू ठेवून त्याला खाटेवर उठवून बसवा, मुठी उघडझाप करायला सांगा. नोडमधला ब्लॉक श्रमाने सुधारतो; खालचा ब्लॉक उलट बिघडतो, टू-टू-वनचा थ्री-टू-वन होतो आणि नाडी आणखी उतरते. नाडी वाढवणाऱ्या ॲट्रोपिनचंही तसंच.

टू-टू-वनमध्येच हे मशीन सर्वाधिक फसतं, म्हणून ते जवळून पाहू. पी-पी १६ बारीक चौकोन, म्हणजे कर्णिकांची गती ९४. पीआर ५ चौकोन. आर-आर ३२ चौकोन, म्हणजे नाडी ४७. गळालेली पी आधीच्या क्यूआरएसपासून ११ चौकोनांवर, ०.४४ सेकंदावर, बरोबर टी वेव्हच्या शेपटीवर पडते. मशीनला ती टीचाच भाग वाटते, आणि ते छापतं: ‘सायनस ब्रॅडीकार्डिया, नाडी ४७, पीआर २०० मिलिसेकंद’. कागदावर सगळं शांत. रुग्ण ‘थोडी अशक्तपणाची तक्रार’ म्हणून टॉनिक घेऊन घरी जातो. म्हणून नियम असा ठेवा: नाडी ५० च्या आत आणि निदान सायनस ब्रॅडीकार्डिया छापलेलं असेल, तर प्रत्येक वेळी दोन दिसणाऱ्या पींच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा आणि तिथला टी वेव्ह दुसऱ्या लीडमध्ये, विशेषतः व्ही-वनमध्ये, बघा.

लागोपाठ दोन किंवा जास्त पी गळत असतील तर तो हाय-ग्रेड ब्लॉक. त्याला पूर्ण ब्लॉकसारखंच वागवा.

पूर्ण ब्लॉकचं चित्र असं: पी आपल्या तालात, क्यूआरएस आपल्या तालात, दोघांची भेट फक्त योगायोगाने. पी-पी १८ चौकोन, म्हणजे ८३ ची गती. आर-आर ४४ चौकोन, म्हणजे ३४ ची. पीआर मोजत गेलं की १० चौकोन, पुढच्या ठोक्यात पी थेट क्यूआरएसमध्ये गडप, मग ८, मग १६, मग ६. क्यूआरएस मात्र घड्याळासारखा नियमित. हा नियमितपणाच पूर्ण ब्लॉकची खूण आहे. एस्केप (ब्लॉकमध्ये स्वतःहून सुटणारा ठोका) अरुंद आणि ४० ते ६० च्या गतीचा असेल तर तो जंक्शनमधून येतो. रुंद आणि २० ते ४० चा असेल तर तो खालून, जवनिकेतून, आणि तो कधीही थांबू शकतो. इथे मशीन पीआरचा एक आकडा छापूनच मोकळं होतं. तो सरासरी ठोक्यावरून काढलेला असतो आणि या रुग्णात त्याला काहीच अर्थ नसतो. एक सावधगिरी: पीची गती क्यूआरएसपेक्षा जास्त असेल तरच ब्लॉक म्हणा. उलट असेल, क्यूआरएस वेगवान आणि पी मंद, तर तो ब्लॉक नसून व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखं (जवनिकेतून उठणारी वेगवान लय) काही असू शकतं, आणि त्याचे उपचार वेगळे.

एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे कर्णिकांच्या अनियमित थरथरीच्या, जुन्या रुग्णाची नाडी अचानक मंद आणि नियमित झाली, तर तीही पूर्ण ब्लॉकचीच निशाणी. पी नसतात, त्यामुळे मशीन बहुधा जंक्शनल रिदम छापून थांबतं. अशा रुग्णाला पहिला प्रश्न डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीचा.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट मात्र ब्लॉक नाहीच. वेळेआधी पडलेली कर्णिकेची पी पुढे जात नाही आणि खंड पडतो. ती पी टीमध्ये लपलेली, मागे क्यूआरएस नाही, म्हणून मोबिट्झ टू वाटतो. पण कर्कटक लावलं की कळतं: ही पी ठरल्या जागेच्या आधी आली आहे. ब्लॉकमधली गळालेली पी वेळेवर येते. आणि खंडात पीच नसेल तर दोष एव्ही नोडकडे नाही, ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडकडे शोधायचा. तो खंड पी-पीच्या बरोबर दुप्पट किंवा तिप्पट भरला तर सायनो-एट्रियल ब्लॉक.

पी दिसतच नसतील, आणि थुलथुलीत छातीच्या किंवा दमेकरी रुग्णात असं पुष्कळदा होतं, तर दोन उपाय आहेत. गेन (रेषेची उंची) मिलिव्होल्टला २० मिलिमीटर करा. त्याने नाही भागलं तर लुइस लीड: उजव्या हाताची लाल तार छातीच्या हाडाच्या वरच्या भागावर उजव्या कडेला, डाव्या हाताची पिवळी तार चौथ्या बरगडीफटीत हाडाच्या उजव्या कडेला, आणि वाचायची लीड वन. क्लॅम्पने हे जमत नाही, त्यासाठी चिकटणारे इलेक्ट्रोड आणि त्यांना बसणारी पिन लागते. खरेदीतच दहा पिनांचा संच मागून घ्या.

बंडल ब्रँच ब्लॉकच्या (जवनिकांकडे जाणाऱ्या तारेच्या उजव्या किंवा डाव्या फांदीतला अडथळा) बाबतीत मशीन चांगले गुण मिळवतं. क्यूआरएसची रुंदी ते नीट मोजतं. १२० मिलिसेकंदांच्या पुढे, व्ही-वनमध्ये सशाच्या कानांसारखा दुसरा आर, वन आणि व्ही-सिक्समध्ये रुंद एस, म्हणजे राइट. वन आणि व्ही-सिक्समध्ये रुंद, भरीव आर आणि व्ही-वनमध्ये खोल खाली गेलेला क्यूआरएस, म्हणजे लेफ्ट. राइट बंडलबरोबर लीड वन वर आणि लीड टू व एव्हीएफ खाली असतील, अक्ष उणे ४५ च्या पलीकडे गेला असेल, तर डाव्या बाजूची पुढची फांदीही गेली आहे. घेरी येऊन पडलेल्या माणसात हे चित्र दिसलं तर पीआर नॉर्मल असला तरी पाठवा, कारण त्याची तिसरी फांदी मधूनमधून बंद पडत असू शकते आणि आपण पट्टी काढली तेव्हा नेमकी चालू असेल. त्यात पीआर लांब असला की काही मशीन ‘ट्रायफॅसिक्युलर ब्लॉक’ छापतात. त्या शब्दावर विसंबू नका; पीआर नोडमुळेही लांबलेला असतो. एका पट्टीत राइट आणि दुसऱ्या पट्टीत लेफ्ट दिसला तर मात्र वाट पाहू नका.

आता आपल्या हवेचा भाग, ज्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नसते.

जूनपासून थर्मल रोल ओल धरतो. दमट रोल फुगून तिरका सरकतो, मोटर अडखळते आणि गती घटते. छापील चौकोनांच्या रोलवर ही चूक दिसत नाही: गती २५ ऐवजी २३ झाली तर ५ चौकोनांचा पीआर ४.६ दिसतो, आणि सीमेवरचा पहिल्या डिग्रीचा ब्लॉक नॉर्मलमध्ये जातो. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून २० सेकंदांची पट्टी काढा आणि फूटपट्टीने मोजा. ५० सेंटिमीटर भरली पाहिजे. उघडलेला रोल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. छापील पट्टीवर सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा हात लागला की ती खराब होते, आणि वरून सेलोटेप लावली तर टेपखालची रेघ काही महिन्यांत उडते. चिकटवायची तर मागच्या बाजूने गोंद लावून.

हातापायाच्या क्लॅम्पच्या पत्र्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो आणि रेषा पोहत राहते. रोज संध्याकाळी जेल कोमट पाण्याने पुसून पत्रे कोरडे करा. सँडपेपरने घासून चकचकीत करू नका, वरचा मुलामा जातो आणि गोंधळ वाढतो. छातीच्या रबरी फुग्यांना वर्षा-दोन वर्षांत चिरा पडतात. चिरलेला फुगा ऐन वेळी सुटतो.

विजेचा कंप तर घरोघरी. उन्हाळ्यात जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालावं लागतं. पावसाळ्यात वीज जाते आणि इन्व्हर्टर सुरू होतो. दोन्हींत लीड टूवर बारीक काटे उगवतात आणि पी त्यांत हरवते. चार्जरची पिन काढून मशीन बॅटरीवर चालवा, पंखा बंद करा, खाट भिंतीतल्या वायरीपासून हातभर दूर ओढा. ५० हर्ट्‌झचा फिल्टर चालू ठेवायला हरकत नाही. २५ किंवा ३५ हर्ट्‌झचा मसल फिल्टर मात्र शेवटचा उपाय. तो क्यूआरएसची टोकं बोथट करतो आणि पेसमेकरचा बारीक स्पाइक पुसून टाकू शकतो. रुग्ण थरथरत असेल तर फिल्टरआधी चादर द्या आणि म्हणा, ‘आजोबा, हात सैल सोडा, फक्त अर्धा मिनिट.’ बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

तारांची अदलाबदल झाली तरी मशीन प्रत्येक वेळी ओरडत नाही. लाल उजवा हात, पिवळी डावा हात, हिरवी डावा पाय, काळी उजवा पाय. लीड टू जवळजवळ सपाट आली तर ॲसिस्टोल (हृदय थांबलं) समजून धावू नका. उजव्या हाताची आणि उजव्या पायाची तार बदललेली आहे का ते आधी बघा. वन आणि थ्रीमध्ये क्यूआरएस दिसत असतील तर तीच चूक.

रुग्ण इथले, तेव्हा कारणंही इथली धरून पट्टी वाचावी. पावसाळ्यात ताप, अंगदुखी, लाल डोळे आणि भातशेतीतलं काम असेल तर लेप्टोस्पायरोसिसमध्ये हृदयाचा स्नायू सुजून पहिल्या डिग्रीपासून वरचे ब्लॉक दिसू शकतात. अशा रुग्णाची पट्टी रोज काढा. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया खाल्लेला रुग्ण आला तर पहिली पट्टी साधी असली तरी सोडू नका. तिच्यातलं विष डिगॉक्सिनच्या जातीचं आहे, ब्लॉक काही तासांनी उमटतो. आंब्याच्या फवारणीच्या दिवसांत ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा नाडी उतरवते. विंचूदंशाच्या रुग्णाला दरदरून घाम सुटलेला असतो, फुगे चिकटतच नाहीत. छाती कोरडी पुसून चिकटणारे इलेक्ट्रोडच वापरा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे विंचूदंशात प्राझोसिन घराघरांत माहीत झालं, पण त्या रुग्णाची लांब पट्टी काढण्याची सवय अजून तितकी रुजलेली नाही. आणि बाकी सगळ्यांत आधी गोळ्यांची पिशवी उपडी करून बघा: मेटोप्रोलोल, अटेनोलोल, डिल्टिआझेम, वेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन. काचबिंदूचे टिमोलोलचे थेंब कोणी औषधात धरत नाही, पण तेही नाडी उतरवतात. पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना मे महिन्यात जुलाब झालेला म्हातारा माणूस आला तर टी टोकदार आहे का ते बघा.

अटॅकबरोबर ब्लॉक असेल तर जागा महत्त्वाची. टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी वर असेल तर ब्लॉक बहुधा नोडमधला, क्यूआरएस अरुंद, आणि काही दिवसांत सुटणारा. व्ही-वन ते व्ही-फोरमध्ये एसटी वर आणि त्यात नवा ब्लॉक म्हणजे स्नायूचा मोठा भाग गेलेला, क्यूआरएस रुंद, आणि धोका फार मोठा.

बीपी पडलं असेल, शुद्ध हरपत असेल तर ॲट्रोपिन १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. रुंद क्यूआरएसच्या ब्लॉकमध्ये त्याची वाट पाहत बसू नका. बाहेरून पेसिंग करणारे पॅड असतील तर लावा, नसतील तर ॲड्रेनालिनचं इन्फ्युजन मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम चालू करून १०८ बोलवा. गाडीत पेसिंग आहे का, हे फोनवरच विचारा.

पुढच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर पट्टी पाठवताना ७५ सेंटिमीटरचा फोटो एका दमात घेऊ नका, चौकोन दिसत नाहीत. २५-२५ सेंटिमीटरचे तीन तुकडे करून कोऱ्या कागदावर एकाखाली एक लावा, १, २, ३ असे आकडे घाला, लीडचं नाव, गती, गेन आणि वेळ लिहा. फ्लॅश बंद, खिडकीजवळच्या उजेडात, वरून सरळ. मूळ पट्टी रुग्णाबरोबर पाठवा, फोटो स्वतःकडे ठेवा. पट्टी वर्षभरात फिकी पडते आणि पेसमेकरच्या फॉलो-अपला तीच मागतात.

सोबतीला खिशातलं एका लीडचं उपकरण किंवा मनगटी घड्याळ पुरेल का, असं बरेचजण विचारतात. मधूनमधून येणारी घेरी पकडायला ३० सेकंदांची ती नोंद कामाची आहे. पण पी अंधुक येतात आणि बंडल ब्रँचचा प्रकार कळतच नाही. थ्री-चॅनलची जागा ते घेत नाहीत. ए-फोर कागदावर छापणारं बारा-चॅनल मशीन नक्कीच वरचढ, सगळे लीड एका वेळी दिसतात. रुग्णसंख्या मोठी असेल तर तेच घ्या. लहान दवाखान्याला थ्री-चॅनल पुरतं, पण दुकानात या गोष्टी करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका: तीन रिदम लीड मनाप्रमाणे निवडता येतात का, मॅन्युअल पट्टी ३० सेकंद न थांबता चालते का, ५० ची गती आणि २० चा गेन आहे का, शेवटची नोंद साठवून पुन्हा छापता येते का, मशीनचं निदान छापणं बंद करता येतं का. दुकानदार डेमोला ऑटोच दाखवतो. त्याला चार्जर काढायला सांगा, दुकानातल्या मुलाला खुर्चीत बसवून तारा लावा, डोक्यावरचा पंखा चालू ठेवा आणि लीड टूची पट्टी काढा. अशा अवस्थेतही पी ओळखू आल्या तर ते मशीन घ्या, आणि दुसरी पेशंट केबल त्याच बिलात मागून घ्या. कोकणात आधी केबल जाते, मशीन नंतर, आणि नवी केबल घाटावरून यायला आठवडा लागतो.